दिरहम की रुपये?

श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या कितीतरी घरांतली माणसं आखातात नोकरीला आहेत. त्यांच्याकडे निघालेल्या आईवडिलांच्या सामानात सुकट, आमसुलं, पापड सगळं नीट बांधलेलं असतं; कार्डाची चौकशी मात्र राहून जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड सुरुवातीला देशातच चालतं. परदेशातला वापर आपण सांगून सुरू करून घ्यायचा. पुढे दुबईत एटीएम विचारतं, दिरहम की रुपये? रुपये ओळखीचे म्हणून बोट तिकडेच जातं आणि खिशाला कात्री लागते, कारण मग रुपयाचा दर ते एटीएम चालवणारे ठरवतात. दिरहमच निवडावेत. क्रेडिट कार्डावर रोकड काढली, तर व्याज त्याच दिवसापासून चढतं. त्यापेक्षा डेबिट कार्ड वापरावं, आणि दर खेपेला शुल्क पडतं म्हणून लागेल तेवढी रक्कम एकदाच काढावी.