सोबत कोण आहे?

मुंबईहून हज यात्रेकरूंना नेणारी जहाजे 1995 पर्यंत जेद्दा बंदराला लागत. त्यानंतर सगळा प्रवास विमानाचा झाला. जेद्दा हे तांबड्या समुद्राकाठचे शहर म्हणजे मक्केचा दरवाजा. पण जहाज असो की विमान, भिवंडीच्या बाईला त्या दरवाजाशी पोचायचे तर सोबत 'मेहरम' लागे. मेहरम म्हणजे नवरा, किंवा बाप, भाऊ, मुलगा असा ज्याच्याशी लग्न होऊच शकत नाही तो नात्यातला पुरुष.

2018 च्या हजपासून भारत सरकारने 45 वर्षांवरील स्त्रियांना किमान चौघींच्या गटाने मेहरमशिवाय जायला परवानगी दिली. त्या वर्षी हजाराहून अधिक स्त्रिया गेल्या. 2022 मध्ये सौदी सरकारनेही मेहरम सक्तीचा नसल्याचे जाहीर केले. 2023 मध्ये एकटीचा अर्ज घेऊन गट जुळवण्याची सोय झाली आणि चार हजारांहून अधिक भारतीय स्त्रिया अशा गेल्या.

मैत्रिणींनो, या आकड्यांचा अर्थ मला आमच्या वस्तीतल्या एका आपांमुळे कळला. त्या विधवा आहेत. यंत्रमागासाठी कांड्या भरून आणि भिशी लावून त्यांनी हजचे पैसे साठवले. पूर्वी अडायचे ते मेहरमपाशी. मुलाला कारखान्यातून महिना-सव्वा महिन्याची सुट्टी मिळेना, आणि त्याचाही खर्च आपांनीच करायचा. म्हणजे एका बाईच्या कमाईतून दोन तिकिटे. शेवटी त्या चौघींच्या गटातून गेल्या. परत आल्यावर मी विचारले, जेद्दाला उतरल्यावर कसे वाटले? म्हणाल्या, "ताई, पासपोर्ट माझ्याच हातात होता. माझं नाव विचारलं. सोबत कोण आहे, ते नाही विचारलं."

काही कार्यकर्त्या म्हणतात, पुरुषाच्या जागी गट आला, पहारा तोच. मला हे अर्धेच पटते. वाट दाखवणारा माणूस, एकत्र मुक्काम, परक्या भाषेत आधार हे कुणालाही हवे असते, पुरुषांनाही. सोय म्हणून गट जरूर असावा. पण गटाशिवाय किंवा 45 वर्षांच्या आत बाईने जाऊच नये, असे म्हटले की सोयीची अट होते. चाळीस वर्षांच्या विधवेने मग काय करायचे? पाच वर्षे वाट पाहायची?

आणि हा प्रश्न फक्त मुसलमान बायकांचा आहे, असे समजून बाकीच्यांनी स्वस्थ बसू नये. अष्टविनायकाची सहल असो की माहेरचे लग्न, आपल्या घरांतही पहिला प्रश्न "सोबत कोण?" हाच असतो. खास स्त्रियांसाठी सहली काढणाऱ्या कंपन्या आहेत, तिथे एकटी बाई नाव नोंदवू शकते. पण त्यांचे पैसे कांड्या भरणाऱ्या बाईला परवडणारे नाहीत.

जेद्दाला जाऊन आलेल्या बाईला भिवंडीहून ठाण्याच्या कोर्टात जायला मुलाची परवानगी लागत असेल, तर आपले काम संपलेले नाही. वयाची अट काढावी, ही मागणी आपण संघटनांनी मिळून करायला हवी. आणि अर्ज निघतील तेव्हा वस्तीत बसून बायकांचे फॉर्म भरून द्यावेत. तेवढे तर आपल्या हातात आहे.