रसायनांचे कपाट कसे लावावे?

बहुतेक शाळांच्या प्रयोगशाळेत रसायनांच्या बाटल्या इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे मांडलेल्या असतात. बाटली चटकन सापडते, यादी तपासायला सोपे जाते, म्हणून ही पद्धत कुणाला खटकत नाही. माझ्या मते ती सोडून द्यावी. कारण 'एस'च्या फळीवर सोडियम नायट्रेट आणि सल्फर शेजारी येतात. नायट्रेट स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला ऑक्सिजन पुरवते. फटाक्यांच्या दारूत गंधकाबरोबर घालतात तो सोरा याच कुळातला.

'धोका' एवढीच चिठ्ठी लावून भागत नाही. धोका कोणत्या जातीचा, हे कळले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत विषारीपणा वेगळा धरला आहे. फुटणे, पेटणे, दुसऱ्याची आग वाढवणे, दाबाखालचा वायू असणे, धातू खाणे हे भौतिक धोके. प्रत्येकाला चित्र आहे. विद्यार्थी मित्रांनो, त्यांतली दोन नीट ओळखा. नुसती ज्योत म्हणजे पेटणारा पदार्थ. वर्तुळावर ज्योत म्हणजे आगीला ऑक्सिजन देणारा. या दोघांना एका फळीवर ठेवू नये.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. दुपारी आग दिसली ती कापसात. चार वाजून गेल्यावर एकामागून एक दोन मोठे स्फोट झाले. शेकडो माणसे गेली, त्यांत आग विझवायला धावलेले जवानही होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. (जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. गप्पांत लोकांना त्याच आठवतात!) कापसाची बाजारपेठ असलेल्या हुबळीत कापसाला कोण घातक म्हणेल? पण तेलकट टाकाऊ कापूस संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आपोआप पेटणाऱ्या मालात मोडतो. शेजारी काय ठेवले आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बाटलीवर नाव इंग्रजीत, सर शिकवतात मराठीत आणि कपाट पुसणाऱ्या मावशी कन्नड वाचतात. चित्र तिघांनाही वाचता येते.

विश्वस्त मंडळींकडे मागणे एवढेच, की आणखी एक लोखंडी कपाट द्यावे आणि मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्या बाटल्या धोक्याप्रमाणे वेगळ्या लावून घ्याव्यात. बाटल्या सापडणार नाहीत, असे शिक्षक म्हणतील. त्यावर अक्षरवार यादीची वही पुरे, नावापुढे कपाट आणि फळी लिहिली की झाले. पालकांपैकी कुणी औषधनिर्मितीत किंवा पेट्रोल पंपावर काम करत असतील, तर त्यांनी एक दिवस मदतीला यावे.

चित्रे लावल्यावरही खालचा मजकूर वाचावा लागेल. रॉकेलमध्ये बुडवलेल्या सोडियमवर नुसती ज्योतच असते, स्पिरिटवर असते तीच. पण सोडियमला पाणी लागले की हायड्रोजन निघतो आणि तो पेटतो. ती बाटली नळाजवळच्या फळीवर असेल, तर सुट्टीची वाट न पाहता आजच हलवावी, आणि तिच्यासाठी कोरड्या वाळूची बादली जवळ ठेवावी.