मास्तर गेला कुठे?

हॉरर सिनेमात सगळ्यात आधी जातं ते मोबाईलचं नेटवर्क. मग गाडी बंद पडते, मग पाऊस! भुताला आडगाव लागतंच. पण ते नुसतं अंधारासाठी, असं वाटत असेल तर वॉशिंग्टन आयर्व्हिंगची 'द लिजंड ऑफ स्लीपी हॉलो' वाचाच.

१८२० सालची ही गोष्ट घडते न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीजवळच्या एका झोपाळू खोऱ्यात. वस्ती जुन्या डच शेतकऱ्यांची. आयर्व्हिंगचा मुद्दा भारी आहे. इतर गावांत लोक सतत घरं बदलतात, त्यामुळे भूत रात्री फेरी मारायला उठलं तर ओळखीचं कुणी उरलेलंच नसतं! इथे माणसं हलत नाहीत, म्हणून भूतही टिकतं. तोफगोळ्याने डोकं उडालेला घोडेस्वार सगळ्या खोऱ्याला शेजाऱ्यासारखा ठाऊक असतो.

नवखा एकच. कनेक्टिकटहून आलेला मास्तर, इकाबॉड क्रेन. त्याला श्रीमंत घरची कॅटरिना आवडते. गावचा दांडगट ब्रॉम बोन्सलाही तीच हवी असते. एका रात्री मेजवानीहून परतताना तो बिनमुंडक्याचा स्वार मास्तरच्या मागे लागतो. दुसऱ्या दिवशी सापडते टोपी आणि शेजारी फुटलेला भोपळा.

पुढे कॅटरिनाशी लग्न ब्रॉमचं होतं आणि भोपळ्याचा विषय निघाला की तो खदाखदा हसतो. मास्तरचा शोध ओढ्यापाशीच थांबतो. एकटा जीव, कुणाचं देणं नाही, मग कोण कशाला डोकं खपवेल? पुढे एक शेतकरी न्यूयॉर्कहून बातमी आणतो की मास्तर जिवंत आहे. तरी गावातल्या म्हाताऱ्या 'भुतानेच नेलं' हेच सांगत राहतात.

खरी भीती इथे आहे. बंद गावाला भूत सोयीचं पडतं. नको असलेला माणूस जातो आणि दोष कुणावरच येत नाही.

आणि असं गाव फुल नेटवर्कमध्येही असतं. हॉस्टेलचा एखादा मजला, वर्गातला जुना ग्रुप. 'त्या रूममध्ये रात्री आवाज येतात' असं फ्रेशरला सांगून आपण हसतोच ना? थोडी मजा ठीक आहे. पण तो मुलगा महिन्याभरात रूम सोडून गेला, तर त्याला एक फोन कोण करतं?

भुताची गोष्ट पुन्हा ऐकाल तेव्हा हा प्रश्न विचारून बघा. आणि तो फोनही करा.