जोखीम

दिवाळीच्या अंकात खोकला आणि रक्त हा विषय काढला, तर वाचक कपाळाला आठ्या घालतील, हे मी जाणून आहे. पण दुखणे काही पंचांग पाहून येत नाही. आणि आमच्या दिव्यात भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडे नांदतात, तिथे शेजारच्याचे दुखणे शेजारच्यापुरते राहत नाही.

मराठी माणसाला खोकल्यातले रक्त अपरिचित नाही. आनंदीबाई जोशी १८८७ साली क्षयाने गेल्या, तेव्हा त्या अवघ्या एकवीस वर्षांच्या होत्या. १९१९ साली सावनेरला राम गणेश गडकरी गेले, तेही क्षयानेच. आज क्षयावर गुणकारी औषधे आहेत. परंतु रोग हटला तरी फुप्फुसात व्रण मागे राहतात, जुन्या पोकळीत बुरशी धरते, आणि एखाद्या दिवशी ओंजळ भरून रक्त येते. अशा वेळी माणूस रक्त गेल्याने दगावतो त्याहून अधिक वेळा ते श्वासनलिकेत साचून गुदमरल्याने दगावतो.

वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचे असेच झाले. रक्तवाहिनी आतून बुजवावी लागेल, असे डॉक्टर म्हणाले. वहिनी संमतिपत्र घेऊन माझ्याकडे आल्या.

"सर, पाय लुळे पडतील असं लिहिलंय का हो यात? दुखणं छातीत, मग पाय कशानं जातील?"

लिहिले होते खरे. आणि प्रश्नही रास्त होता.

हा उपचार फ्रान्समधल्या रेमी या डॉक्टरांनी १९७३ साली प्रथम पुढे आणला. मांडीच्या सांध्यातून बारीक नळी महाधमनीत नेतात, रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांखाली वाहिन्या पाहतात, आणि श्वासनलिकेला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत सूक्ष्म कण सोडून ती बुजवतात. अडचण एवढीच, की काहींच्या शरीरात त्याच वाहिनीला एक केसासारखा फाटा फुटतो आणि तो मज्जारज्जूला जातो. मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या अशा वाहिन्यांपैकी सर्वांत मोठीचे वर्णन आदामकिएविच या पोलिश वैद्याने १८८१-८२ मध्येच करून ठेवले आहे. कण चुकून अशा फाट्यात शिरले, तर मज्जारज्जूचे रक्त तुटते आणि पायांतली शक्ती जाते.

दिवेकरांना हे समजायला अवघड नाही. मुंबईकडून येणाऱ्या मार्गाला आपल्या जंक्शनवर पनवेलचा आणि वसईचा फाटा फुटतो. पनवेलची गाडी थांबवायची, तर फाटा ओलांडून पुढे थांबवावी. अलीकडेच मार्ग अडवला, तर कल्याणचीही अडते! कुशल डॉक्टर हेच करतात. केसपिनेसारखी वळलेली मज्जारज्जूची वाहिनी चित्रात दिसते का, ते आधी पाहतात. दिसली, तर अतिसूक्ष्म नळी तिच्या पुढे नेऊन मगच कण सोडतात. पुढे जाता येत नसेल, तर हात आवरता घेतात. कणही फार बारीक घेत नाहीत. म्हणून हा अपाय आज विरळ आहे. पण विरळ म्हणजे अशक्य नव्हे.

"आणि सही नाही केली तर?" वहिनींनी विचारले.

हा प्रश्न डॉक्टरांनाच विचारायला हवा होता. आम्ही दोघे गेलो. त्यांनी चित्र काढून समजावले. पुन्हा तसेच रक्त आले तर काय होईल, हेही लपवले नाही. वहिनींनी सही केली. रक्त थांबले, पाय शाबूत राहिले. मात्र वाहिनी बुजली म्हणून मूळ रोग जात नाही, रक्त पुन्हा येऊ शकते. तेव्हा औषधे आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत, ही ताकीद मिळाली.

मराठीत 'जोखीम' या शब्दाला दोन अर्थ आहेत: एक धोका, दुसरा दुसऱ्याच्या स्वाधीन केलेला मौल्यवान ऐवज. संमतिपत्रावर सही करताना आपण दोन्ही अर्थांनी जोखीम सोपवतो. म्हणून सहीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: मज्जारज्जूची वाहिनी कशी पाहणार? ती सापडली तर काय करणार? दुसरा उपाय कोणता? आणि उपचारानंतर पाय जड वाटले, बधिर झाले किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी परिचारिकेला हाक मारावी. भीड धरण्याची ती वेळ नव्हे.