शोभेच्या माशांचे दुकान जवळपास टिकले पाहिजे

आपल्या समाजात धंद्याचा विषय निघाला की तेच चार-पाच धंदे पुढे येतात. कापड, फळफळावळ, भंगार, गॅरेज, बेकरी. हे धंदे चांगलेच आहेत आणि त्यांच्यावर हजारो घरे चालतात. पण या चाकोरीबाहेर एखाद्या तरुणाने पाऊल टाकले की त्याला धीर देण्याऐवजी आपण हसतो. शोभेच्या माशांचे दुकान हा असाच एक धंदा. काचेच्या पेटीत रंगीत मासे ठेवून विकणे अनेकांना पोरखेळ वाटतो. आमचे मत वेगळे आहे. हा जिवंत मालाचा धंदा आहे, त्याला अक्कल आणि इमान दोन्ही लागते, आणि तो आपल्या भागात टिकला तर त्याच्यामागे आणखी चार कारागिरांची चूल पेटते.

पेटीतला मासा पहूर, शेंदुर्णी, जामनेरकडच्या माणसाला अगदीच परका नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते हौदांत आणि डबक्यांत जे गप्पी मासे सोडते, त्यांचेच रंगीत, लांब शेपटीचे भाऊबंद दुकानात विकायला असतात. बाकीचा माल मात्र लांबून येतो. आपल्या देशात शोभेच्या माशांची पैदास मुख्यतः बंगाल आणि तामिळनाडूत होते. कोलकाता शहराच्या आसपास आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागात कितीतरी कुटुंबे घराच्या अंगणात टाक्या बांधून हेच काम करतात. महाराष्ट्रात मुंबईचा कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केट ही या मालाची जुनी ठिकाणे. प्लास्टिकच्या पिशवीत थोडे पाणी, वर ऑक्सिजन, आणि पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, असा हा माल प्रवास करतो.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. कापडाचे थान फळीवर सहा महिने पडले तर भांडवल अडकते, पण थान मरत नाही. मासा रोज खातो, त्याला चोवीस तास हवा लागते, आणि तो एका रात्रीत मरू शकतो. खानदेशातल्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. त्यातच वीज गेली आणि पंप बंद पडला तर सकाळी पेटीवर मासे तरंगताना दिसतात. हा सगळा तोटा दुकानदाराचा. कोणतीही कंपनी तो माल परत घेत नाही.

मग त्याला चार पैसे सुटतात कशावर? मुख्यतः खाद्य, फिल्टर, पंप, दिवा, औषध आणि पेटी यांवर. आणि नेमक्या याच वस्तू गिऱ्हाईक आज मोबाईलवर मागवते. नंतर पेटीतले पाणी गढूळ झाले, मासे वर येऊन तोंड वासू लागले, की तेच गिऱ्हाईक दुकानात येऊन उभे राहते आणि काय करावे ते विचारते. सल्ला फुकट, माशांची जोखीम दुकानदाराची आणि नफा दूरच्या गोदामाचा. कापडवाल्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. गिऱ्हाईक आमच्याकडे दहा थाने उलगडायला लावते, हाताने पोत पाहते आणि खरेदी भलतीकडे करते. जे आपल्याला सलते, ते आपण दुसऱ्या दुकानदाराशी करू नये.

त्या सल्ल्याचीही किंमत असते. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड असते. गप्पी, मॉली, प्लॅटी अशा माशांना ते मानवते. निऑन टेट्रासारख्या माशांना मऊ पाणी लागते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत काठोकाठ सुमारे 56 लिटर पाणी मावते, म्हणजे काच धरून साठ किलोंहून अधिक ओझे झाले. ते साध्या फळीवर ठेवता येत नाही. नवी पेटी भरल्यावर लगेच दहा-वीस मासे सोडले तर त्यांच्याच विष्ठेतून होणाऱ्या अमोनियाने ते मरतात, कारण तो पचवणारे जंतू पेटीत तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून आधी दोन-चारच मासे सोडायचे, सगळे पाणी एकदम कधी बदलायचे नाही, चौथा हिस्साच बदलायचा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी काढायचे. खोक्यावर छापलेल्या सूचनेत आपल्या गावचे पाणी नसते. ते जवळच्या दुकानदारालाच माहीत असते.

पण पाठिंबा डोळे मिटून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. दुकान पारखून घ्यावे. पेट्यांत मेलेले मासे पडून आहेत का, पाहावे. नवा आलेला माल तो काही दिवस वेगळा ठेवतो का, विचारावे. चांगला दुकानदार मासा देण्याआधी तुमची पेटी केवढी आणि किती दिवसांची आहे हे विचारतो, आणि प्रसंगी आज मासा नेऊ नका असेही सांगतो. जो लहान गोल भांड्यात गोल्डफिश घालून देतो, तो आजची विक्री करतो आणि उद्याचे गिऱ्हाईक घालवतो. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि त्याला थंड, मोकळे पाणी लागते. काही मासे सुईने रंग टोचून विकले जातात. कच्च्या रंगाचे कापड पहिल्या धुण्यात उघडे पडते, हा रंगही कालांतराने उतरतो. मधल्या काळात मुक्या जिवाला यातना होतात. असा माल दुकानात ठेवू नये आणि आपण घेऊही नये.

दीनच्या दृष्टीनेही हे समजून घेण्यासारखे आहे. मांजर कोंडून तिला उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. प्राणी पाळायला मनाई नाही. पण पाळला की त्याचे दाणापाणी ही अमानत होते. विकणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर, दोघांवरही. मालातला दोष लपवू नये हा नियम कापडाला आहे तसाच माशालाही आहे.

आणखी एक जबाबदारी. मासे नकोसे झाले की लोक नदीत सोडतात आणि पुण्य केले असे समजतात. शोभेच्या पेटीतला सकर मासा उजनी धरणात पसरला आणि मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला; तो बाजारात खपत नाही आणि त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात. आपली वाघूर पहूरवरून पुढे धरणात जाते आणि त्या धरणाचे पाणी जळगाव पिते. तिच्यात परका मासा सोडू नये. दुकानदाराने नकोसे मासे परत घ्यावेत; त्यात त्याचे नुकसान थोडे आणि विश्वास मोठा.

कारागीर बंधूंनी या धंद्याकडे लक्ष द्यावे. पेटीची काच कापून सिलिकॉनने जोडणारा, लोखंडी अँगलचे स्टँड करणारा वेल्डर, झाकण बनवणारा सुतार, वीज गेल्यावर पंप बॅटरीवर चालवून देणारा वायरमन, ही सगळी कामे आपल्या हातची आहेत. दुकान जळगावात असो की जामनेरात, तयार पेटी लांबून मागवण्यापेक्षा ती इथेच होऊ शकते. पैदाशीचाही विचार व्हावा. गप्पी आणि मॉली थेट पिले देतात, त्यांची पैदास घरच्या टाकीत सहज होते आणि पडद्यात राहणाऱ्या भगिनींनाही ते काम जमेल. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभेच्या माशांच्या घरगुती संगोपनाचा समावेश केला गेला. अनुदान सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिलांना 60 टक्के ठेवले होते. आज काय मिळू शकते याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी, दलालाकडे नव्हे.

गिऱ्हाईक म्हणून आपण एवढे तरी करू शकतो. दुकानात, दवाखान्यात किंवा घरी पेटी असेल तर खाद्य आणि फिल्टर जिथून सल्ला घेतो तिथूनच घ्यावे. दहा-वीस रुपयांसाठी फार घासाघीस करू नये. उधारी तुंबवू नये; जिवंत मालाच्या दुकानाला रोजचा रोकड पैसा लागतो. एखादा तरुण हा धंदा इमानाने करत असेल तर त्याचा पत्ता दुसऱ्याला सांगावा. दुकान बंद पडल्यावर हळहळण्यात अर्थ नाही. ते चालू आहे तोवर त्याच्या पायरीवर गिऱ्हाईक दिसले पाहिजे. अल्लाह अशा हलाल मेहनतीत बरकत देवो.