‘पूर्वीचे अमुक’ कशासाठी?

आपल्याकडे कुणी इस्लाम स्वीकारला की त्याची ओळख कायम अशी करून दिली जाते: ‘हे अब्दुल्ला, पूर्वीचे अमुक.’ स्टेजवर, लग्नात, चहापाण्यात. दहा वर्षं झाली तरी ते ‘पूर्वीचे’ सुटत नाही. ए. आर. रहमान आधी दिलीपकुमार होते, हे आपण कितीदा फॉरवर्ड केलं असेल! ते नाव आपल्याला आवडत नव्हतं, असं रहमान यांनी स्वतः सांगितलंय. पण ऐकतो कोण? आपल्याला ट्रॉफी मिरवायची असते.

हेच दुसऱ्यांनी केलं की झोंबतं, आणि झोंबायलाच हवं. मुहम्मद अलींनी १९६४ मध्ये हे नाव घेतलं, तरी अमेरिकेतली वर्तमानपत्रं कित्येक वर्षं त्यांना क्लेच म्हणत राहिली. बॉक्सर अर्नी टेरेलही क्लेच म्हणायचा. ६ फेब्रुवारी १९६७ ला ह्यूस्टनच्या रिंगमध्ये अली त्याला ठोसे मारत विचारत होते, माझं नाव काय? लढत पंधरा राउंड चालली. ती क्लिप आपण अभिमानाने शेअर करतो.

मग ऑफिसमधली ट्रान्सजेंडर सहकारी नवं नाव सांगते, तेव्हा ‘पण खरं नाव काय?’ म्हणून कुजबुजणाऱ्यांत आपलीही पोरं का असतात? २०१९ च्या कायद्याने ओळखपत्र मिळालेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तीला जन्मदाखल्यावरचं नावही बदलायचा हक्क दिलाय. तिच्या निर्णयाबद्दल तुमचं दीनी मत वेगळं असेल, ठेवा. हाक मारायला मत कशाला लागतं? वाईट नावाने हाक मारू नये, हे सूरह हुजुरातमध्ये आहे. ती आयत आपण फक्त दुसऱ्यांना ऐकवायला पाठ केलीय का?

‘रेकॉर्डचं काय?’ असं विचारणारेही भेटतात. मी सॉफ्टवेअरवाला, रेकॉर्ड सांभाळणं माझं रोजचं काम. गिटमध्ये जुन्या कमिटवरचं नाव बदलायला गेलं तर पुढची सगळी हिस्ट्री बदलते. म्हणून मेलमॅप नावाची साधी फाइल असते. तिच्यात जुन्या नावाशी नवं जोडून ठेवलं की यादीत नवंच दिसतं. जुनं आत असतं, मिरवत नाही. बँकेत, पासपोर्ट ऑफिसात गॅझेट दाखवताना जुनं नाव लागतं, मान्य. टपरीवर चहा पिताना कशाला लागतं?

ज्याचं नाव आहे त्याने आपणहून सांगितलं तर गोष्ट वेगळी. काहींना आपला प्रवास सांगायला आवडतो. तेव्हा पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ‘पूर्वीचे’ छापण्याआधी त्या माणसाला फोन करून विचारा. तो हो म्हणाला तर छापा.