आईचे सहकार्य कमी

“ताई, हे सगळं मी कधी करू?”

चौदा वर्षांच्या एका मुलीची आई मला विचारत होती. तिच्या हातात मीच लिहून दिलेला कागद होता. वर मथळा: ‘घरी करायचा कार्यक्रम’. सकाळी वीस मिनिटं तोंडाचे व्यायाम, मग दात घासणं आणि आंघोळ मुलीकडूनच करून घेणं, दुपारी मणी ओवणं, संध्याकाळी चित्रं दाखवून शब्द म्हणून घेणं, रात्री नोंदवही भरणं. बेरीज केली तर रोजचे अडीच तास. ही बाई सकाळी सहाला घर सोडते, चार घरची धुणीभांडी करते. परत आल्यावर पाणी भरणं, स्वयंपाक, सासूचं दुखणं. तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. फाईलमध्ये मात्र लिहिलं, ‘आईचे सहकार्य कमी.’

वडिलांच्या सहकार्यासाठी त्या फॉर्मवर रकानाच नव्हता आणि तो नसल्याचं मला खटकलंही नाही. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आहे माझ्याजवळ. स्त्रियांच्या बिनमोल श्रमांवर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती मी!

या मुलीला बौद्धिक अक्षमता आहे. पूर्वी सरसकट ‘मतिमंद’ म्हटलं जायचं. फक्त वाचण्या-लिहिण्यात अडचण येते ती अध्ययन अक्षमता वेगळी. इथे रोजचं जगणंच एकेक करून शिकावं लागतं. त्यासाठी वाचा-उपचार आहेत, व्यवसायोपचार आहेत, वर्तनोपचार आहेत, विशेष शिक्षण आहे. यातलं काहीही बुद्धी वाढवण्याचं औषध नव्हे. एखादं काम बारीक पायऱ्यांत तोडायचं, एकेक पायरी रोज करून घ्यायची आणि धरलेला हात हळूहळू सोडायचा. पाळीचं पॅड बदलणं घ्या. पॅड बदलायला झालं हे ओळखणं, आडोशाला जाणं, जुनं काढणं, कागदात गुंडाळणं, डब्यात टाकणं, नवं लावणं, हात धुणं. कुणाला सहा महिने लागतात, कुणाला दोन वर्षं. काहींना शेवटपर्यंत थोडी मदत लागतेच. पण पुष्कळ मुली शिकतात, मी पाहिलं आहे.

म्हणजे उपचार निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. प्रश्न आहे तो हे रोजचं ‘करून घेणं’ कोणी करायचं हा. तज्ज्ञाकडे आठवड्यातून अर्धा तास, बाकी सगळं घरी. घरी म्हणजे आईनं. केंद्रात हेच काम करणारीला पगार मिळतो, घरात त्याला माया म्हणतात. आईला वेळ नसला की मोठ्या बहिणीची शाळा सुटते. शिवाय आई आधीपासूनच आरोपी असते. ‘ग्रहण पाळलं नाहीस’, ‘तुझ्याच माहेरचं असणार’ हे ऐकतच ती आमच्या दारी येते आणि आम्ही तिच्यावर आणखी एक ठपका ठेवतो, शुद्ध मराठीत, शिक्क्यासह.

कायद्यांची उणीव नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘निरामय’ हा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. सांभाळणाऱ्याला चार दिवस उसंत मिळावी म्हणून ‘समर्थ’ आणि प्रौढांच्या निवासासाठी ‘घरौंदा’ या योजना आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, चाळीस टक्के वा अधिक अक्षमता असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे. जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेखही त्यात आहे. आमच्या वस्तीतल्या एकाही आईनं यातलं नाव ऐकलेलं नव्हतं. आणि अठरानंतर काय? शाळा संपते, मुलगी घरी येते, तिच्याबरोबर आईही पुन्हा घरात अडकते.

जिथे सोय आहे, तिथेही बापाला सूट आहेच. केंद्र सरकारच्या नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा बाईला मिळते आणि एकट्या पुरुष पालकाला. घरात बायको असलेल्या बापाला ती नाही. मूल बाईनंच सांभाळायचं हे शासनानंच गृहीत धरलं आहे.

आधार नसला की त्याची किंमत शेवटी मुलीच्या शरीराला मोजावी लागते. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण दिलं गेलं ते पाळीतल्या स्वच्छतेचं. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पण थकलेल्या आया आजही मला दबक्या आवाजात तेच विचारतात, “ताई, पिशवी काढून टाकली तर?” त्यांना क्रूर म्हणणं सोपं आहे. पाळीचे चार दिवस मदतीला पगारी बाई, धुवायला पाणी आणि कडी लागणारं न्हाणीघर असतं, तर यातल्या किती जणींनी हा प्रश्न विचारला असता? आईची सुटका आणि मुलीचा हक्क या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या जातात. दोघींना हवी असलेली सेवा मात्र एकच आहे.

म्हणून काही मागण्या. घरच्या कार्यक्रमाच्या कागदावर प्रत्येक कामापुढे ‘कोण करणार’ हा रकाना हवा, आणि आईचं नाव सगळ्या ओळींत चालणार नाही. केंद्रं संध्याकाळी आणि रविवारी उघडी हवीत. येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळायला हवी. प्रत्येक प्रभागात मुलीला काही तास, काही दिवस विश्वासानं ठेवता येईल अशी जागा हवी. अठरानंतर कार्यशाळा आणि छोटी सामूहिक घरं हवीत. तिथे काम करणाऱ्या बायांना मानधनाचा तुकडा नको, वेतन हवं. नाहीतर एका बाईचं ओझं दुसऱ्या गरीब बाईच्या डोक्यावर ठेवल्यासारखं होईल. आणि मुलीला काय आवडतं, काय नको, हे तिला विचारायला हवं. ती सांगते, आपण थांबून ऐकलं तर.

त्या आईचा कागद आम्ही दोघींनी बसून पुन्हा लिहिला. मणी गेले, त्याजागी शेंगा सोलणं आलं. आंघोळीच्या सगळ्या पायऱ्यांऐवजी सध्या एकच, अंग पुसणं. संध्याकाळी बसथांब्यापर्यंत चालत नेऊन आणणं वडिलांकडे. ते आठवड्यातून दोनदा जातात, उरलेले दिवस सबबी सांगतात. तेही मी आता फाईलमध्ये लिहिते.

मैत्रिणींनो, आपल्या गटांत घरकामाच्या मोबदल्यावर आपण वर्षानुवर्षं बोललो. या आया त्या बैठकींना कधी आल्या नाहीत, कारण मुलीला ठेवायला जागा नव्हती. पुढची बैठक ठरवताना तेवढी सोय आधी करू या.